नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या गच्चीवरचं ३ किलोवॅटचं सोलर: एक पूर्ण आर्थिक वर्ष वापरून लिहितेय

गेल्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमचं नेट मीटर (महावितरणकडून घेतलेली आणि त्यांना दिलेली वीज दोन्ही मोजणारं) लागलं आणि आता ३१ मार्च उलटून गेलाय, म्हणजे महावितरणच्या हिशोबाचं एक पूर्ण वर्ष हातात आहे. बसवल्यापासून ओळखीतले दहा-बारा जण तरी विचारून गेले, पॅनल कुठल्या कंपनीचं घेतलं, किती खर्च आला, बिल खरंच झिरो येतं का. प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते. पॅनल कुठल्या कंपनीचं हा प्रश्न सगळे पहिला विचारतात पण माझ्या मते तो सगळ्यात शेवटचा आहे. आधी आपली गच्ची बघायची, मग आपली बारा महिन्यांची बिलं, मग बसवणारा माणूस, आणि त्यानंतर कंपनी.

आमचं रो-हाऊस आहे, इंदिरानगरला. घरात आम्ही पाच जण, दोन एसी, एक गिझर, पिठाची छोटी घरगुती गिरणी आणि पाणी वर चढवायची मोटर. वर्षाचा वापर साधारण ३९०० युनिट, हिवाळ्यात महिन्याला २३० च्या आसपास आणि एप्रिल-मे मध्ये ४७०-४८० पर्यंत. मेचं बिल आलं की घरात दोन दिवस एसीवरून वाद व्हायचे. तिथूनच सोलरचा विषय निघाला.

पहिला माणूस बघायला आला तो मे २०२४ मध्ये, दुपारी साडेबाराला. तेव्हा योजनेचा खूप गाजावाजा होता, गच्चीवरच्या सोलरला सबसिडी देणारी केंद्र सरकारची पीएम सूर्यघर १३ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाली होती आणि सगळीकडे बोर्ड लागले होते. गच्चीवर चढला, चारी बाजूंना मोबाईलने फोटो काढले आणि म्हणाला मॅडम एकदम क्लिअर गच्ची आहे, सावलीचा प्रश्नच नाही, पाच किलोवॅट आरामात बसेल. खाली येऊन सरबत पिता पिता कोटेशन टाईप करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं पण, तेव्हाच्या तेव्हा. आम्ही जवळजवळ ॲडव्हान्स देणार होतो.

थांबलो ते सासऱ्यांमुळे. अण्णा सातपूरला कारखान्यात टूलरूममध्ये होते, माप घेतल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नाही. ते म्हणाले मे महिन्यात दुपारी सावली कुठून दिसणार, सूर्य डोक्यावर आहे. आणि ते शंभर टक्के बरोबर होतं. नाशिक साधारण २० अंश अक्षांशावर आहे त्यामुळे २० मेच्या सुमारास आपल्याकडे सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली त्याच्या पायात पडते, तिथून जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत सूर्य दुपारी उलट उत्तरेकडे असतो. त्या दिवसांत कुठलीही गच्ची क्लिअरच दिसणार. खरी परीक्षा डिसेंबरमध्ये, जेव्हा सूर्य दक्षिणेकडे खाली जातो.

मग अण्णांनी सरळ सात महिने थांबायला लावलं. माझी तेव्हा चिडचिड झाली होती हे खरं. पण डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका रविवारी त्यांनी नातवाला हाताशी घेतलं, खडूचा डबा घेतला आणि सकाळी नऊपासून गच्चीवर बसले. आमच्या जिन्याची खोली गच्चीच्या दक्षिणेला आहे आणि तिच्या डोक्यावर पाण्याची टाकी, म्हणजे गच्चीपासून टाकीच्या झाकणापर्यंत जवळपास तेरा फूट. नऊला टाकीच्या सावलीची कड खडूने आखली, त्यावर ९ लिहिलं. बाराला, मग साडेबाराला, तीनला, चारला. संध्याकाळी मी कपडे काढायला वर गेले तर गच्चीभर पांढऱ्या रेघा, एखाद्या कबड्डीच्या मैदानासारख्या, आणि चारची रेघ पार उत्तरेकडच्या कठड्यावर चढलेली. पहिल्या माणसाने जिथे पॅनलची चौकट दाखवली होती ना, त्याचा अर्धा भाग दुपारी तीननंतर टाकीच्या सावलीत होता.

यातून एक साधं माप हाताशी आलं ते सांगून ठेवते. नाशिकमध्ये डिसेंबरअखेर दुपारी साडेबाराच्या सुमारास एक फूट उंचीची सावली उत्तरेकडे जवळपास एक फूट पडते, तीनला दीड पट आणि चारला सव्वादोन पटीच्या पुढे, आणि ती ईशान्येकडे तिरकी सरकत जाते. टाकी, शेजाऱ्याची वाढवलेली भिंत, नारळाचं झाड, डिश, जे काही पॅनलपेक्षा वर आहे त्याची उंची मोजा आणि या पटीने सावली काढा, म्हणजे डिसेंबरपर्यंत थांबायची पण गरज नाही. आम्हाला हे तेव्हा माहीत नव्हतं म्हणून थांबलो.

सावलीला एवढं महत्त्व का, तर पॅनल एकामागे एक माळेसारखे जोडलेले असतात. माळेतल्या एका पॅनलवर सावली आली की त्याचा करंट पडतो आणि साध्या सोलर इन्व्हर्टरमध्ये (पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारी पेटी) त्याचा फटका सगळ्या माळेला बसू शकतो. पॅनलमध्ये बायपास डायोड (सावलीतल्या भागाला वळसा घालून करंट पुढे नेणारे) असतात त्यामुळे सगळंच बंद पडत नाही, हल्लीच्या हाफकट, म्हणजे आतले वीज बनवणारे सेल अर्धे कापलेल्या पॅनलमध्ये नुकसान अजून थोडं कमी होतं, पण रोज तीन तास सावली म्हणजे रोजचं नुकसान आणि ते पंचवीस वर्षं. प्रत्येक पॅनलला वेगळा मायक्रो इन्व्हर्टर लावला तर हा त्रास बराच कमी होतो पण त्याची किंमत जास्त आहे आणि तो बिघडला तर दुरुस्तीला पॅनलच्या खालीच शिरावं लागतं. आम्ही तो नाही घेतला.

दुसरा माणूस जानेवारी २०२५ मध्ये आला. पोरगाच म्हणायचा, आयटीआय झालेला, सोबत टेप आणि होकायंत्र. अण्णांच्या रेघा अजून पुसट दिसत होत्या. त्याने त्या बघितल्या आणि विचारलं, "काका, हे तुम्ही केलं? असं कोणीच करून ठेवत नाही." मग टेपचं दुसरं टोक अण्णांच्या हातात दिलं आणि दोघांनी मिळून तासभर मापं घेतली. मला त्याच दिवशी वाटलं काम याच्याकडे द्यायचं. त्याने सांगितलं की स्ट्रक्चर, म्हणजे पॅनल ठेवायचा लोखंडी सांगाडा, गच्चीवर चिकटून न लावता आठ फूट उंच घ्या, म्हणजे जिन्याच्या खोलीची सावली पॅनलपर्यंत पोचणारच नाही, फक्त टाकीची पाच फूट उंचीच काय ती उरेल, आणि उत्तरेकडे थोडं सरकवलं की ती पण चारनंतरच लागेल.

इथे सासूबाईंचा मुद्दा आला आणि तो सोलरवाल्यांच्या कुठल्याच जाहिरातीत नसतो. गच्चीवर वाळवण घालायचं कुठे? आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये कुरडया, उडदाचे पापड, साबुदाण्याच्या चकल्या, बटाट्याचा कीस, मसाल्याच्या मिरच्या, सगळं गच्चीवर. खाली चिकटून पॅनल लावले तर ती जागा कायमची गेली. उंच स्ट्रक्चर घेतलं तर खाली उभं राहता येतं, कपडे वाळतात, पण पॅनलच्या खाली सावलीच, कुरडई तिथे वाळणार नाही. त्या पोराने सासूबाईंना वर बोलावलं आणि विचारलं, आई तुम्ही नेमकं कुठे घालता. त्यांनी पूर्वेची पट्टी दाखवली, सहा फूट रुंद. ती पट्टी सोडून बाकी आखणी केली. गेल्या वर्षी आणि यंदा पण कुरडया तिथेच झाल्या, दुपारच्या उन्हात काम करणाऱ्या बायका मधे मधे पॅनलच्या सावलीत येऊन बसल्या, उलट सोयच झाली.

जागेचा हिशोब सांगायचा तर एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा धरतात, म्हणजे ३ किलोवॅटला ३००. आमचे ५४० वॅटचे सहा पॅनल आहेत, एकेक साडेसात फूट लांब, पावणेचार फुटांच्या आतबाहेर रुंद आणि तीस किलोच्या आसपास वजनाचा. तोंड दक्षिणेला, उतार वीस अंशांच्या जवळपास, नाशिकसाठी तेच योग्य आहे.

आता किती किलोवॅट घ्यायचं यावर. हा भाग नीट वाचा कारण इथे पैसे जातात. पहिला माणूस पाच किलोवॅट म्हणत होता. सबसिडी २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,०००, म्हणजे ३ किलोवॅटला ७८,००० आणि त्यापुढे कितीही बसवा, ७८,००० च. त्यामुळे चौथा-पाचवा किलोवॅट पूर्ण आपल्या खिशातून.

आणि वर दुसरी गोष्ट, महावितरणचे दर टप्प्याने आहेत. पहिल्या १०० युनिटला सगळ्यात कमी, १०१ ते ३०० ला बराच जास्त, ३०० च्या पुढे अजून जास्त. सोलर लावलं की आधी वरचे महाग युनिट कापले जातात. आमचं मेमध्ये सोलर ४२० युनिट झालं आणि वापर ४८०, तर ६० युनिटचं बिल आलं आणि ते सगळेच्या सगळे स्वस्त टप्प्यातले. त्या ६० युनिटसाठी अजून एक किलोवॅट लावणं म्हणजे सगळ्यात स्वस्त वीज वाचवायला सगळ्यात महाग पॅनल घेणं. ज्यांचा महिन्याचा वापरच शंभरच्या आत आहे त्यांनी तर दहादा विचार करा, पैसे वसूल व्हायला जास्त वर्षं लागू शकतात.

३१ मार्चची गोष्ट मला कोणीच आधी सांगितली नव्हती. दर महिन्याला जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, ते बरोबर, पण आर्थिक वर्ष संपलं की शिल्लक पुढे जात नाही, तिचे पैसे मिळतात आणि तो दर आपण वीज घेताना देतो त्याच्या मानाने फार कमी. आता नाशिकचं गणित बघा, ऑक्टोबर ते फेब्रुवारी ऊन छान, एसी बंद, त्यामुळे शिल्लक साठत जाते, आणि एप्रिलमध्ये जेव्हा खरी गरज लागते त्याच्या एक दिवस आधी सगळी साफ. आमचे यंदा ५६० च्या आसपास युनिट असे गेले. पाच किलोवॅट असतं तर तीन हजारांच्या पुढे गेले असते. म्हणून माझं म्हणणं वर्षाच्या वापराएवढं किंवा किंचित कमीच बसवा. गाडी इलेक्ट्रिक घ्यायची पक्की असेल तर गोष्ट वेगळी.

आमच्या सिस्टिमचे महिन्याचे आकडे देते, खरे, मीटरवरचे. एप्रिल ४२५, मे ४२०, जून ३२०, जुलै २३०, ऑगस्ट २४०, सप्टेंबर ३१०, ऑक्टोबर ३७५, नोव्हेंबर ३५०, डिसेंबर ३५०, जानेवारी ३७०, फेब्रुवारी ३७५, मार्च ४३०. एकूण ४१९५. पाच-दहा युनिट इकडेतिकडे धरा. मार्च मेपेक्षा वर आहे हे बघून शेजारच्या काकांना आश्चर्य वाटलं, ऊन तर मेमध्ये जास्त असतं ना. ऊन असतं पण पॅनल तापला की त्याची ताकद घटते, २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के, आणि मेच्या दुपारी पॅनल साठ-पासष्ट अंशांवर सहज जातो. पॅनलला हवा आपली नाशिकच्या फेब्रुवारीसारखी आवडते, कडक ऊन आणि गार वारा. उंच स्ट्रक्चरचा इथे पण फायदा, खालून वारा खेळतो.

बिल झिरो येत नाही, हे पण एकदा स्पष्ट. स्थिर आकार आणि इतर किरकोळ धरून आम्हाला दीडशेच्या आसपास येतंच, युनिट शून्य असले तरी. आधी सरासरी चार हजार यायचं त्यामुळे तक्रार काहीच नाही, पण "लाईट बिल कायमचं बंद" असं कोणी सांगत असेल तर तो खोटं बोलतोय.

खर्च: स्ट्रक्चर उंच घेतल्याचे १८,००० धरून २,१५,००० दिले, सबसिडी ७८,००० आली, म्हणजे १,३७,००० निव्वळ. वर्षाला ४४-४५ हजार वाचतायत तर तीन वर्षं आणि थोडे महिने. सबसिडी बसवणाऱ्याला मिळत नाही, ती आपल्या बँक खात्यात येते, आणि तोपर्यंत पूर्ण रक्कम आपल्याला उभी करावी लागते हे लक्षात ठेवा. ३ किलोवॅटपर्यंत सरकारी बँका तारण न घेता २ लाखांपर्यंत कर्ज देतात, आम्हाला लागलं नाही. आणि आता घेणाऱ्यांसाठी चांगली गोष्ट, २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावर जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, त्यामुळे कोणी जुन्या दराने कोटेशन दिलं तर सरळ विचारा.

कागदपत्रांमध्ये आमचा दीड महिना गेला आणि चूक आमचीच होती. लाईट बिल अण्णांच्या वडिलांच्या नावावर, ते जाऊन एकवीस वर्षं झालेली. बिल भरलं जातंय ना मग कोण बघतंय नाव कोणाचं, असं चाललेलं. सूर्यघरच्या पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकला की त्या नावाशी सगळं जुळावं लागतं, बँक खातं पण. मग नाव बदलायचा अर्ज, मृत्यूचा दाखला, घरपट्टीची पावती, वारसांची संमती. तुमचं बिल आज काढून बघा नाव कोणाचं आहे. सोलर घ्यायचं नसेल तरी बदलून ठेवा.

कोटेशनमध्ये एक शब्द शोधायचा, डीसीआर, म्हणजे देशी बनावटीची अट. सबसिडीसाठी पॅनल तर भारतात बनलेला हवाच पण त्यातले सेल पण भारतातच बनलेले हवेत. ते महाग असतात. एकाने आम्हाला वीस हजारांनी स्वस्त कोटेशन दिलं होतं, नीट विचारल्यावर कळलं की पॅनल नॉन-डीसीआर, आणि सबसिडी "बघू कशी बसवता येते ती". तिथेच फोन ठेवला. पॅनलचे सिरीयल नंबर पोर्टलवर चढवावे लागतात, त्यामुळे बसवायच्या आधी सहाही पॅनलच्या मागच्या स्टिकरचे फोटो काढून ठेवा, तुमच्याकडे, तुमच्या मोबाईलमध्ये.

कंपनीबद्दल एवढंच, वारी, अदानी, टाटा अशी नावं कोटेशनमध्ये येतात, पंचवीस वर्षांनी ८० टक्क्यांच्या वर ताकद राहील अशी हमी या सगळ्याच देतात, त्यात डोकं फार घालू नका. इन्व्हर्टरची वॉरंटी मात्र नीट वाचा, पाच वर्षं आणि दहा वर्षं यात खूप फरक आहे कारण पहिला बिघडणारा तोच असतो. तो भिंतीवर लावताना पश्चिमेचं ऊन लागणार नाही अशी जागा द्या, आमचा जिन्यात आहे.

अजून एक गोष्ट ज्यावरून लोक फसल्यासारखं वाटून घेतात. लाईट गेली की सोलर पण बंद. भर दुपारी बारा वाजता, डोक्यावर कडक ऊन, आणि घरात पंखा नाही. आमच्याकडे शनिवारी मेंटेनन्सला लाईट जाते, तर पहिल्याच शनिवारी सासूबाई म्हणाल्या, अगं एवढं दोन लाखाचं वर लावलंय मग पंखा का बंद. हे मुद्दाम तसंच केलेलं असतं. लाईन बंद करून वायरमन खांबावर काम करत असतो, आपल्या गच्चीवरची वीज त्या तारेत गेली तर त्याच्या जिवावर बेतेल, म्हणून ऑनग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेला इन्व्हर्टर लाईन गेली की लगेच स्वतःला बंद करतो. लाईट गेल्यावर पण चालू हवं असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, खर्च बराच वाढतो आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. नाशिक शहरात जेवढी लाईट जाते तेवढ्यासाठी आमचा जुना साधा इन्व्हर्टर आणि बॅटरी पुरते. मळ्यात किंवा गावाकडे राहणाऱ्यांनी मात्र हायब्रीडचा विचार करावा, तिथलं चित्र वेगळं आहे.

आता बसवणाऱ्यांच्या कामाबद्दल. नाव लिहीत नाही, काम चांगलं आहे पण एक मोठी चूक झाली आणि ती सांगायलाच हवी. मापं घेतली ती त्या पोराने, प्रत्यक्ष बसवायला आली वेगळी टीम, रोजंदारीवरची. स्ट्रक्चर उत्तम केलं, गरम झिंकमध्ये बुडवलेलं लोखंड म्हणजे जीआय, स्लॅबला थेट भोकं न पाडता काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यात बेसप्लेट बसवल्या, त्यामुळे वॉटरप्रूफिंगला धक्का नाही आणि पूर्ण पावसाळा एक थेंब गळला नाही. मेमधलं वादळ पण झेललं. पण अर्थिंगला घोळ घातला. कोटेशनमध्ये तीन वेगळी अर्थिंग लिहिली होती, वीज पडली तर त्यासाठी एक, पॅनलच्या बाजूला एक, घराच्या बाजूला एक. माझा मावसभाऊ इलेक्ट्रिक कॉन्ट्रॅक्टर आहे, तो सहज बघायला आला आणि मागच्या अंगणात वाकून बघतो तर अर्थिंगचे खड्डे दोनच. विजेच्या सळईची पट्टी आणि इन्व्हर्टरची वायर एकाच खड्ड्यात एकाच बोल्टखाली आवळलेली. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, वीज पडली ना तर ती इथून उतरून सरळ तुझ्या इन्व्हर्टरमध्ये आणि तिथून घरात येईल." हे आमच्या घरात लहान मूल असताना. त्या क्षणी पोटात गोळा आला. मी फोन केला तर आधी "तसं चालतं मॅडम", मग कोटेशनचा फोटो पाठवल्यावर दोन दिवसांनी तिसरा खड्डा. माझी हात जोडून विनंती आहे, शेवटचा हप्ता द्यायच्या आधी खड्डे स्वतः मोजा. तीन झाकणं दिसली पाहिजेत, आणि प्रत्येक पट्टी कुठून येते ती बोटाने वरपर्यंत माग काढा.

अजून एक छोटं, जिथे जीआय पाईप साईटवर कापला त्या टोकांना झिंकचा स्प्रे मारलेला नव्हता, पावसाळा संपता संपता तिथे तांबूस गंज दिसायला लागला. अण्णांनीच मग स्प्रे आणून मारला. योजनेत पाच वर्षांची देखभाल बसवणाऱ्याकडे असते पण ऑक्टोबरमध्ये सोलरचे आकडे दाखवणारं ॲप बंद पडल्यावर यांना यायला तीन आठवडे लागले.

सफाई आम्ही पंधरा दिवसांनी करतो. सध्या कुंभमेळ्याच्या कामांसाठी रस्ते खोदलेले, धूळ इतकी की दहा दिवसांत पॅनलवर बोटाने नाव लिहिता येतं, मार्चमध्ये एकदा धुतल्यावर दुसऱ्या दिवशी एक युनिट जास्त झालेलं मी स्वतः बघितलंय. सकाळी सातच्या आत किंवा सूर्य मावळल्यावर धुवायचं, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही. आणि बोअरचं पाणी नको, पांढरे क्षाराचे डाग बसतात ते निघत नाहीत, नळाचंच वापरा. उंच स्ट्रक्चरला शिडी लागते, त्यामुळे मधून चालायला पट्टी ठेवायला सांगा, आम्ही सांगितलं नव्हतं आणि आता लांब दांड्याच्या वायपरने कसंबसं करतो. पारव्यांनी पॅनलखाली घरटी करायला सुरुवात केलीये, जाळी लावायची राहिलीये. गारपिटीची भीती मला सगळ्यात जास्त होती, निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांचं काय होतं ते आपण दर एक-दोन वर्षांनी बघतो, पण पॅनलची काच २५ मिलिमीटरच्या बर्फाच्या गोळ्याने ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने मारून तपासलेली असते. त्याहून मोठी गार आली तर सांगता येत नाही म्हणून घराच्या विम्यात सोलर लिहून घेतलं, तुम्ही पण घ्या.

फ्लॅटवाल्यांचा प्रश्न वेगळा आहे, गच्ची सगळ्यांची, सोसायटीची परवानगी लागते. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यासाठी सोसायटीच्या नावाने घेता येतं, त्याला किलोवॅटला १८,००० सबसिडी आहे. बहिणीच्या पाथर्डी फाट्याच्या सोसायटीत दोन वर्षं मीटिंगाच चालल्यात.

रेटिंग द्यायचं तर सिस्टिमला पाचपैकी पाच, बसवणाऱ्यांना साडेतीन, तो अर्धा त्या मापं घेणाऱ्या पोराचा. दोन घरं सोडून राहणारे काका आता याच मे महिन्यात कोटेशन मागवतायत. अण्णा काल टेप घेऊन त्यांच्या गच्चीवर जाऊन आले, टाकी मोजली, शेजारच्या तीन मजली बिल्डिंगची उंची मोजली, डिसेंबरची चारची सावली हिशोबाने काढली आणि खडूने रेघ मारून आलेत. काकांना सांगितलंय, जो माणूस ती रेघ बघून ही कसली आहे असं विचारेल त्याच्याशीच पुढे बोला.